घर बदललं की शहर आपलं होतं का?

पत्राचा सारांश: पुण्यात शिकणारी एकवीस वर्षांची एक वाचक सप्टेंबरपासून पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठात एका सत्रासाठी एक्स्चेंजवर गेली आहे. सोलुम भागातल्या फ्लॅटमध्ये ती तीन भारतीय मुलींबरोबर राहते. संध्याकाळी चौघींचा स्वयंपाक, जेवण आणि वेबसीरिज, आणि रोज दुपारी घरून व्हिडिओ कॉल. ‘वडिलांनी पीएफमधून पैसे काढून पाठवलं आणि मी इथे येऊनही पुण्यातच राहतेय’ ही बोचणी तिला लागली आहे. वर्गातल्या एका मैत्रिणीमुळे एका रिपब्लिकात, म्हणजे विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या जुन्या सामाईक घरात, तिचं जाणं-येणं सुरू झालं. तिथली एक खोली रिकामी होते आहे आणि ‘येतेस का?’ अशी विचारणा झाली आहे. तिथे मुलं-मुली एकत्र राहतात. घरी सांगितलं तर नाहीच म्हणतील, म्हणून न सांगता जावं असं तिला वाटतं. त्यात पहिल्या परीक्षेत वीसपैकी बारा गुण मिळाले. ती विचारते, ‘ताई, मी हे सत्र वाया घालवतेय का? जाऊ का तिकडे राहायला?’

आधी त्या बारा गुणांचं बघू. तो प्रश्न सगळ्यात सोपा आहे, आणि तुझ्या पत्रात त्यानेच सगळ्यात जास्त जागा अडवली आहे. पोर्तुगालमध्ये गुण वीसपैकी असतात आणि दहाला पास. चौदा-पंधरा म्हणजे ‘चांगला’, सोळा-सतरा म्हणजे ‘खूप चांगला’. अठराच्या पुढचे गुण फार थोड्यांच्या वाट्याला येतात. त्यामुळे बाराचे साठ टक्के करून त्यावर रडत बसू नकोस. परक्या पद्धतीच्या पहिल्याच परीक्षेत तू बऱ्यापैकी पास झाली आहेस. मात्र तुझं पुण्यातलं कॉलेज हे गुण आपल्याकडच्या श्रेणीत कसे बसवणार, हे आत्ताच ईमेल करून लेखी मागून घे. परत आल्यावर विचारशील तर तुझा महिना खेटे घालण्यात जाईल.

आता ‘वाया’ या शब्दाकडे येते. तू लिहितेस, ‘माझ्या वर्गातली मुलं खरी मोकळी आहेत. घरापासून सुटून स्वतःचं आयुष्य जगतात. मी मात्र आईच्या कॉलला आणि वरण-भाताला बांधलेली.’ मी कोइंब्रात राहिले आहे, म्हणून एक गोष्ट सांगते. शुक्रवारी दुपारी कोइंब्रा-बी स्टेशनवर जाऊन उभी राहा. चाकांच्या बॅगा दगडी फरशीवरून खडखडत येतात, आणि ओढणारे बहुतेक तुझ्याच वयाचे असतात. ही मुलं घरी निघालेली असतात. रविवारी संध्याकाळी तीच मुलं परततात तेव्हा बॅगेत धुतलेले कपडे असतात आणि आईने किंवा आजीने डब्यांत भरून दिलेलं सूप, शिजवलेलं मांस, बागेतली लिंबं. गुरुवारी रात्री रस्त्यांवर एवढी गर्दी का असते, त्याचं एक कारण हेच, की शुक्रवारी अर्धं विद्यार्थी-शहर आपापल्या गावी गेलेलं असतं. तू शनिवारी एकटी पडतेस आणि समजतेस की तुला सोडून सगळे कुठेतरी मजा करताहेत. त्यातले कितीतरी जण त्या वेळी आईच्या हातचं जेवत असतात.

म्हणजे घराशी बांधलेलं असण्यात तू मागे पडलीस असं काही नाही. फरक इतकाच की सोमवार ते गुरुवार त्यांना कुठेतरी जायचं असतं, कुणीतरी त्यांची वाट पाहत असतं. तुझ्या दिवसात तेवढंच नाही. खोलीबद्दल विचार करताना हे समोर ठेव.

तू लिहिलंस की पहिल्या पंधरवड्यात सगळं ‘बघून’ झालं. जोआनिना ग्रंथालयातली सोनेरी नक्षीची कपाटं आणि रात्री किडे टिपून पुस्तकं राखणारी वटवाघळं, विद्यापीठाचा मनोरा, मोंदेगू नदीवरचा पूल, पलीकडे सांता क्लाराचा जुना मठ. आणि मग काही उरलंच नाही. बघण्यासारखं संपतंच गं. शहर छोटं आहे. पुढे तिथे काहीतरी करावं लागतं, आणि ते करायला जागा शोधताना तुझी नजर पहिल्यांदा रिपब्लिकावर पडली. हे मला अगदी समजतं, कारण ती घरं खरोखर मोह पडावा अशीच आहेत.

पण ती नेमकी काय आहेत, हे जाण्याआधी नीट समजून घे. राजा दिनिशने १२९० मध्ये विद्यापीठ स्थापलं ते लिस्बनमध्ये. नंतर ते दोन शहरांमध्ये हिंडत राहिलं आणि १५३७ पासून कोइंब्रात कायमचं बसलं, तेही राजवाड्यातच. चढावरच्या जुन्या वस्तीत विद्यार्थ्यांसाठी घरं हवीत हा विचार दिनिशच्याच काळातला, आणि आजची रिपब्लिका त्याच परंपरेतून आपलं नातं सांगतात. घराचा कारभार राहणारेच बघतात. बाजार, स्वयंपाक, साफसफाई यांच्या पाळ्या लागतात. बैठका लांबतात, कारण बहुतेक ठिकाणी महत्त्वाचा निर्णय बहुमताने होत नाही, सगळ्यांचं एकमत लागतं. घराचा वाढदिवस दरवर्षी साजरा होतो आणि त्याला ते ‘शताब्दी’ म्हणतात. त्या दिवशी पूर्वी तिथे राहून गेलेले पांढऱ्या केसांचे डॉक्टर-वकीलही टेबलाशी येऊन बसतात.

तू म्हणतेस, ‘काळे झगे, मिरवणुका, सगळी परंपरा आतून बघायला मिळेल.’ इथे तुझी थोडी गल्लत होते आहे. काळा झगा आणि नव्या विद्यार्थ्यांना ‘दीक्षा’ देण्याचे प्रकार म्हणजे प्राश. अनेक रिपब्लिकांचा त्याला उघड विरोध आहे. १७ एप्रिल १९६९ रोजी गणिताच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष आले होते. विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षाने त्यांच्यासमोर बोलायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली, आणि हुकूमशाहीच्या त्या काळात कोइंब्राच्या विद्यार्थ्यांनी मोठं आंदोलन उभारलं. रिपब्लिकांच्या भिंतींवर जी चित्रं आणि घोषणा दिसतात, त्यांत या काळाची आठवण आहे. त्यांना अशी माणसं हवी असतात जी बैठकीत बसतील, वाद घालतील, कुणाच्या तरी बेदखलीच्या नोटिशीविरुद्ध उभी राहतील. पाहुण्यांना ती प्रेमाने जेवायला घालतात. पण राहायला येणारी व्यक्ती तीनच महिन्यांत निघून जाणार आहे, हे तू त्यांना स्पष्ट सांगितलं आहेस का? पत्रात तसा उल्लेख नाही. आधी ते सांग.

स्वतःला एक साधा प्रश्न विचार. तिथे राहायला गेलीस, तर एखाद्या साध्या मंगळवारी तू काय करत असशील? स्वयंपाकाची पाळी तुझी असेल, दहा-बारा जणांचं रांधायचं असेल, गप्पा भरभर पोर्तुगीजमधून चालल्या असतील. ते ऐकून तुला हुरूप येतो, की खोलीत जाऊन दार लावावंसं वाटतं? हुरूप येत असेल तर ती जागा तुझ्यासाठी आहे. दुसरं असेल, तर अडचण पत्त्याची नाही, आणि तिथल्या एकटेपणात घरच्यांपासून लपवल्याचं ओझंही भर घालेल.

तुझ्या फ्लॅटला तू ‘पुणे’ म्हणून निकालात काढतेस, तेही मला पटलेलं नाही. परक्या देशात आजारी पडल्यावर खिचडी करून देणाऱ्या तिघी जणी ही मोठी मिळकत आहे. आणि खिचडी तरी कशाची? दुकानात ‘कारोलिनू’ नावाचा तांदूळ असतो. तो कोइंब्राच्या खालच्या अंगाला, मोंदेगूच्या पाणथळ शेतांतही पिकतो, आणि त्याचा मऊ भात आपल्या जिभेला लगेच पटतो. चौघी मिळून कधी म्युनिसिपल मार्केटमध्ये गेला आहात का? तिथे भाजीवाली बाई हिरव्या पानांची जुडी यंत्राच्या तोंडाशी धरते आणि दांडा फिरवते. खालून दोऱ्यासारखी बारीक चिरलेली भाजी पडत राहते. ती लोक काल्दु व्हेर्द या सूपसाठी नेतात. तुम्ही लसूण-मिरचीची फोडणी देऊन परता. बाईला इंग्रजी येत नसेल तर उत्तमच. तेवढ्या पाच मिनिटांसाठी तुला पोर्तुगीज बोलावंच लागेल, आणि दर शनिवारी गेलीस तर तिसऱ्या खेपेला ती तुला ओळखेल.

फ्लॅटचं दार आतल्या बाजूने बंद असल्यामुळे तो पुणे वाटतो. दार उघडा. वर्गातल्या ज्या मैत्रिणीने तुला रिपब्लिका दाखवलं, तिला जेवायला बोलाव. प्रकल्पाच्या गटाला बोलाव. बुधवारी बोलाव, शुक्रवारी नको. कारण वर सांगितलंच. ते रात्री आठच्या पुढे जेवतात, हे लक्षात ठेवून वरणाची फोडणी उशिरा घाल.

तुझ्या आधीही आपल्या किनाऱ्यावरून मुलं या शहरात शिकायला गेली आहेत. मडगावचे आदेओदातु बार्रेतो १९२० च्या दशकात कोइंब्रात शिकत होते. पोर्तुगीज साम्राज्याच्याच विद्यापीठात बसून, विद्यार्थिदशेत, त्यांनी मित्रांना बरोबर घेऊन भारताविषयी बोलणारं ‘इंडिया नोव्हा’ हे वृत्तपत्र चालवलं. आपली माणसं धरून ठेवली म्हणून ते कोइंब्राला परके राहिले नाहीत. उलट आपल्याजवळ सांगण्यासारखं काय आहे हे त्यांना माहीत होतं, आणि ऐकायला तिथले लोक आले. तू भारतातून आलीस असं कळलं की तुलाही कुणी ना कुणी गोव्याबद्दल विचारेलच. तेव्हा ‘मी पुण्याची’ एवढ्यावर थांबू नकोस. पुढे बोल.

तर आता माझं मत. या महिन्यात सामान हलवू नकोस. त्याऐवजी रिपब्लिकात आठवड्यातून दोनदा जेवायला जा, ठरवून जा, आणि जेवणाच्या खर्चातला तुझा वाटा दे. भांडी घास. एखाद्या दिवशी स्वयंपाक तू कर. बैठकीला बसू देत असतील तर बस. खोलीचं उत्तर हवं असेल तर त्यांच्याकडे थोडा वेळ माग. वेळ नाही म्हणाले आणि खोली दुसऱ्या कुणाला गेली, तरी टेबलावरची तुझी जागा जात नाही. तुला हवी आहे ती हीच असेल, असा माझा अंदाज आहे.

दुसरं म्हणजे विद्यार्थी संघटनेत जा. असोसिआसांव आकादेमिका १८८७ पासून चालू आहे, आणि तिच्याशी जोडलेले गट आणि विभाग म्हणजे खजिना आहे. १८८० पासून गाणारं ऑर्फेऑन हे समूहगायन मंडळ, १९३८ पासूनचा तेउक हा नाट्यगट, विद्यापीठाचा स्वतःचा रेडिओ, नदीत होड्या वल्हवणारे. यांतला एकच निवड आणि दर आठवड्याला त्याच दिवशी त्याच वेळी जा. ‘माझं पोर्तुगीज कच्चं आहे’ हे कारण सांगू नकोस. वल्हं मारायला व्याकरण लागत नाही, आणि कोरसमध्ये शब्द पाठच करायचे असतात. नवखेपणाने जाणाऱ्या एक्स्चेंजच्या मुलांना हे गट फार मोकळेपणाने सामावून घेतात. मला स्वतःला या वाटेवर रिपब्लिकापेक्षा जास्त भरवसा आहे, कारण इथे तुझ्याकडून फक्त वेळ मागितला जातो.

कधी जुन्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर सेरेनाता, म्हणजे रात्रीचं उघड्यावरचं गाणं, असेल तर तिघींना घेऊन जा. फादू हा पोर्तुगालचा गाण्याचा प्रकार, पण कोइंब्राचा फादू लिस्बनच्या फादूहून वेगळा. झगे पांघरलेली मुलं अंधारात गातात, आणि रिवाज असा की गाणं संपल्यावर टाळ्या वाजवायच्या नाहीत, घसा खाकरायचा. पहिल्यांदा ऐकलं की दचकायला होतं. येताना केब्रा-कॉश्ताशच्या उतारावर जपून चाला. पावसात तो दगड साबणासारखा होतो.

कॉलचं गणितही बघ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पोर्तुगालची घड्याळं एक तास मागे गेली. त्यामुळे आईबाबांचे रात्रीचे नऊ म्हणजे तुझे दुपारचे साडेतीन झाले. नेमक्या त्या वेळी वर्ग सुटतो, मुलं कॉफीला जातात आणि ‘संध्याकाळी काय करायचं’ ते ठरतं. तू त्या वेळी खोलीत फोन धरून बसलेली असतेस. आईला हे असंच समजावून सांग. सकाळी साडेआठला वर्गात जाताना बोल. तेव्हा पुण्यात दुपारचे दोन वाजलेले असतात. शनिवार-रविवार मात्र निवांत, लांब बोल. तेव्हा तुझे वर्गमित्रही आपापल्या आईजवळ असतात.

आता न सांगता जाण्याबद्दल. इथे मी तुला अगदी स्पष्ट नको म्हणते. तू एकवीस वर्षांची आहेस, कुठे राहायचं हे ठरवायचा तुला हक्क आहे, आणि मुलं-मुली एका छताखाली राहतात यात काही वावगं नाही. पण रोज व्हिडिओवर बोलणाऱ्या माणसांपासून घर लपवायचं म्हणजे रोज भिंत लपवायची, आवाज लपवायचे, मागून गेलेल्या मुलाचं काहीतरी सांगायचं. तुला मोकळं व्हायचं आहे ना? मग हे कशाला? शिवाय अडचण आली, तब्येत बिघडली, तर घरच्यांना तुझा पत्ता माहीत असायला हवा. घरी सांगताना ‘मला अनुभव घ्यायचाय’ असं मोघम बोलू नकोस. माहिती घेऊन बोल. खोली स्वतंत्र आहे का, दाराला आतून कडी आहे का, किती मुली आहेत, भाडं किती, विद्यापीठ चालत किती लांब. केवळ मुलींची म्हणून सुरू झालेली रिपब्लिकासुद्धा कोइंब्रात आहेत, तीही चौकशी कर. आई आधी घाबरेल. तिला त्या घरातल्या तुझ्या मैत्रिणीशी व्हिडिओवर बोलू दे. तरीही नाहीच म्हणाली तर तुझा निर्णय तू घे, पण सांगून घे. वडिलांनी पीएफ काढला म्हणून तुझा प्रत्येक दिवस वसूल झाला पाहिजे, हे ओझं तू स्वतःच उचललं आहेस. त्यांनी ते पत्रात कुठेही मागितलेलं दिसत नाही.

तुझ्यासारख्या घर बदलायच्या विचारात असलेल्या इतरांसाठीही काही गोष्टी. भाड्याच्या करारात नोटिशीची मुदत किती आणि डिपॉझिट कोणत्या अटीवर परत, हे वाचल्याशिवाय कुणाला होकार देऊ नका. भाड्याची पावती दर महिन्याला घ्या. व्हिसाच्या किंवा निवासाच्या कागदांवर जुना पत्ता असेल, तर बदल कुणाला कळवायचा हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात आधी विचारा. आणि खोली उन्हाळ्यात छान दिसली म्हणून भुलू नका. कोइंब्राचा हिवाळा ओला असतो, डिसेंबरात पाच वाजले की अंधारायला लागतं, आणि जुन्या घरांत बहुधा हीटिंग नसतं. कपाट थोडं पुढे ओढून मागची भिंत बघा. काळे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, जानेवारीत ती अंथरुणापर्यंत येईल. खिडकीला ऊन येतं का, ते दुपारी जाऊन बघा. शाकाहारी असाल तर विद्यापीठाच्या कांतीनात, म्हणजे खानावळीत, जेवा. २०१७ च्या कायद्याने सार्वजनिक संस्थांच्या उपाहारगृहांत शाकाहारी जेवण ठेवणं बंधनकारक आहे. सूप, मुख्य पदार्थ, पाव आणि फळ असं ताट बाहेरच्यापेक्षा कितीतरी स्वस्तात मिळतं. फक्त काल्दु व्हेर्दमध्ये सॉसेजची चकती असू शकते, ती नको असेल तर वाढण्याआधीच सांगा.

शेवटी फ्लॅटमधल्या तिघींचं. त्यांना ही गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. रिपब्लिकाला उत्तर द्यायच्या आधी त्यांच्याशी बोल, कारण तू गेलीस तर भाड्याचा चौथा वाटा त्यांच्या अंगावर पडणार आहे. जायचंच ठरलं तर तुझ्या जागी कुणी मिळेपर्यंत तो वाटा तू भर, किंवा बदली मुलगी तूच शोधून दे. आणि परतीचं तिकीट अजून काढलं नसेल तर थांब. नियमित परीक्षेनंतर ‘रेकुर्सु’ म्हणजे पुन्हा बसण्याची संधी असते. तिच्या तारखा तुझ्या विभागाकडून घे आणि त्यांच्यानंतरचं तिकीट काढ.